फ्रोमेलच्या चार दिवस आधी

उत्तर फ्रान्समधील लील शहराच्या पश्चिमेला बटाटा, मका आणि बीटाच्या शेतांचा एक सपाट पट्टा पसरलेला आहे. डोंगर नाही, टेकडी नाही. जी थोडीशी उंचवट्याची जागा आहे, तिच्यावर फ्रोमेल हे छोटे गाव वसलेले आहे. ऑस्ट्रेलियन प्रवासी येथे येतात ते पहिल्या महायुद्धातल्या १९ जुलै १९१६च्या लढाईसाठी, कारण त्या एका रात्रीत त्यांच्या पाचव्या डिव्हिजनचे ५,५३३ सैनिक मृत, जखमी, बेपत्ता वा कैद झाले. मी मात्र सुरुवात केली ती फ्लर्बे गावाजवळच्या रू-द्यू-ब्वा येथील लष्करी दफनभूमीपासून. तेथे जॉर्ज चॅलिस पुरलेला आहे आणि तो फ्रोमेलच्या लढाईत मारला गेला नाही.

चॅलिस टास्मानियाचा, १८९१चा जन्म. व्यवसायाने शिक्षक, आणि लॉन्सेस्टनच्या क्लबकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारा. १९११ साली ॲडलेडला झालेल्या आंतरराज्य स्पर्धेत तो टास्मानियाकडून उतरला आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या कार्लटन क्लबमध्ये दाखल झाला. त्याची जागा ‘विंग’ची होती. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहत नाही, म्हणून थोडे सांगतो. मैदान क्रिकेटचेच, लंबगोल; प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू; मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. एवढ्या मोठ्या मैदानात मध्यरेषेच्या कडेने सतत धावत राहणे हे विंगच्या खेळाडूचे काम, आणि त्यासाठी ताकदीपेक्षा वेग व दमसास लागतो. १८ सप्टेंबर १९१५ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर कार्लटनने कॉलिंगवूडला ७८ विरुद्ध ४५ असे हरवून अजिंक्यपद राखले, तेव्हा चॅलिस त्या संघात होता. तोच त्याचा अखेरचा मोसम ठरला. चार मोसमांत कार्लटनकडून सुमारे सत्तर सामने, एवढी त्याची कारकीर्द.

पुढचा प्रवास त्या काळातील हजारो ऑस्ट्रेलियन तरुणांसारखाच झाला: भरती, बोट, इजिप्तची वाळू, आणि जून १९१६मध्ये फ्रान्स. तो ५८व्या बटालियनमध्ये होता. ही बटालियन ज्या पंधराव्या ब्रिगेडची, तिचा प्रमुख ब्रिगेडियर हॅरल्ड एलियट. सैनिक त्याला ‘पॉम्पी’ म्हणत. हे टोपणनाव त्याचे स्वतःचे नव्हते. फ्रेड ‘पॉम्पी’ एलियट हा कार्लटनचाच गाजलेला खेळाडू होता आणि आडनाव एक असल्यामुळे ते नाव ब्रिगेडियरला येऊन चिकटले. कार्लटनचा मैदानावरचा एक सवंगडी आणि कार्लटनच्याच खेळाडूचे नाव मिरवणारा सेनानी एकाच खंदकरेषेवर यावेत, हा योग मला तरी फार विलक्षण वाटला.

खंदक म्हटले खरे, पण या भागात खोल खंदक खणताच येत नसत. हातभर खणले की पाणी लागे. रस्त्याकडेच्या चरांमध्ये आजही काठोकाठ पाणी दिसते, ते पाहिल्यावर हे सहज पटते. म्हणून जमिनीच्या वर मातीच्या पोत्यांची भिंत रचून तिच्याआड सैनिक राहत. समोरच्या उंचवट्यावरून जर्मनांना ती भिंत आणि तिच्यामागची हालचाल स्वच्छ दिसे. तरीही हा भाग शांत समजला जाई. नव्याने आलेल्या फौजांना मोर्चाची सवय व्हावी म्हणून येथे आणत आणि त्याला चक्क ‘नर्सरी’ म्हणत. १५ जुलैला जर्मन तोफांनी ५८व्या बटालियनच्या मोर्चावर भडिमार केला आणि पाठोपाठ त्यांची एक तुकडी चालून आली. त्याच दिवशी तोफगोळ्याने चॅलिसचा बळी घेतला. त्याचे वय पंचवीस होते.

रू-द्यू-ब्वाच्या दफनभूमीत पांढऱ्या दगडी शिळांच्या रांगा आहेत. ऑस्ट्रेलियन शिळा लांबूनच ओळखू येतात, कारण त्यांच्या माथ्यावर उगवत्या सूर्याचे चिन्ह कोरलेले असते; खाली क्रमांक, हुद्दा, नाव, बटालियन, तारीख. खेळाडू किंवा शिक्षक असल्याची खूण कोठेच नसते. मी तेथे होतो तेवढ्या वेळात दुसरे कोणी आले नाही.

थोड्या अंतरावर, फ्रोमेलच्या रस्त्यावर, चित्र वेगळे आहे. व्हीसी कॉर्नरच्या दफनभूमीत एकही शिळा नाही. ओळख न पटलेले ४१० ऑस्ट्रेलियन दोन मोठ्या क्रुसांच्या आकाराच्या हिरवळीखाली आहेत. जवळच जखमी सहकाऱ्याला खांद्यावर घेतलेल्या सैनिकाचा ब्राँझचा पुतळा आहे. २००९मध्ये सामूहिक कबरींतून काढलेल्या २५० सैनिकांसाठी गावात नवी दफनभूमीही बांधली गेली. हे सारे योग्यच आहे. पण मोठ्या लढाईच्या तारखेत न बसणारे मरण स्मारकांच्या वाट्याला कमी येते, असे मला तेथे प्रकर्षाने जाणवले. चॅलिसच्या ५८व्या बटालियनच्या दोन कंपन्या १९ तारखेला रात्री याच शेतांत पुढे पाठवल्या गेल्या आणि मशीनगनच्या माऱ्यात कापल्या गेल्या. तो जगला असता, तर बहुधा चारच दिवस जास्त.

मराठी वाचकाने येथून पंधरा-वीस मिनिटे मोटार हाकून न्यव्ह-शापेललाही जावे. तेथे भारतीय स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतीवर, ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीयांचा पलटणीनुसार उल्लेख आहे. मधोमध उंच स्तंभ आणि त्याच्या पायथ्याशी दोन वाघ. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावावर ४७व्या शीख पलटणीबरोबर चढाई केली ती तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्यांनी. हे म्हणजे आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स. पूल बांधणे आणि सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, त्यांना त्या दिवशी पायदळासारखे संगिनी घेऊन धावावे लागले आणि त्यांचे सारे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. भारतीय कोअर १९१५च्या अखेरीस येथून गेली. पुढच्या वर्षी याच टापूत ऑस्ट्रेलियन आले.

एक व्यावहारिक सूचना. लीलमध्ये मुक्काम ठेवून ही सर्व ठिकाणे एका दिवसात होतात, पण गावांमधून बसची सोय बेताचीच असल्यामुळे भाड्याची मोटार किंवा सायकल घ्यावी. आणि शक्य असेल तर आधी रू-द्यू-ब्वाला जावे, फ्रोमेलला नंतर. बहुतेक जण उलट क्रमाने निघतात आणि संध्याकाळ झाली की रू-द्यू-ब्वा गाळून परततात.