कल्चरच्या रिपोर्टची खिडकी

माझा भाचा सातव्या महिन्यातच जन्मला, वजन दीड किलोच्याही आत होते, म्हणून त्याला केजहून लातूरच्या एका रुग्णालयात हलवून काचेच्या पेटीत ठेवले. दाखल करण्याचे आणि योजनेचे कागद विनासायास झाले. पुढे दूध पचेनासे झाले आणि अंग गार पडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घेतली. अपुऱ्या दिवसांचे बाळ, नाभीतून मोठ्या शिरेत घातलेली नळी, शिरेतूनच दिले जाणारे पोषण आणि लांबलेला मुक्काम, या प्रत्येक गोष्टीने हा धोका वाढतो, असे त्यांनी मला नीट समजावले. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी जेमतेम एक मिली रक्त कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, बाटलीत घेतले.

खरा छळ झाला तो तळमजल्यावरच्या रिपोर्टच्या खिडकीवर. वर डॉक्टर विचारत, "रिपोर्ट आणला का?" आणि खाली पावतीकडे न पाहताच उत्तर मिळे, "भाऊ, कल्चरला पाच दिवस लागतात." हे अर्धसत्य आहे. बाटलीत जंतू वाढत असतील तर यंत्र बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांतच इशारा देते. पाच दिवस थांबायचे असते ते 'वाढ नाही' असा अंतिम शेरा देण्यासाठी. अखेर चहाला बाहेर पडलेल्या प्रयोगशाळेतल्या एका ताईंना मी गाठले, तेव्हा कळले की बाटली आदल्या दिवशीच पॉझिटिव्ह आली होती, जंतू क्लेब्सिएला जातीचा दिसत होता, आणि वॉर्डात लावलेला फोन कोणी उचललाच नव्हता! मी त्यांना हात जोडले, पण खिडकीवरचा माझा राग आजही गेलेला नाही.

त्याच दुपारी नळी काढली आणि कोणते औषध लागू पडते हे कळल्यावर अँटिबायोटिकही बदलले. बाळ आता घरी आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर खिडकीवर अंतिम रिपोर्ट न मागता 'प्राथमिक रिपोर्ट' मागावा, आणि तोही थेट प्रयोगशाळेत. नळी अजून लागते का, हे डॉक्टरांना रोज विचारावे. त्यात उद्धटपणा नाही, कारण ती जितके दिवस राहते तितका धोका वाढतो. आईचे दूध थेंबभर का होईना, सुरू ठेवावे. आणि राहिलेच, बाटलीवर बाळाचे नाव आणि नोंदणी क्रमांक चिकटवला आहे का, ते रक्त घेतानाच पाहून घ्यावे. आमच्या वॉर्डात सगळ्याच चिठ्ठ्यांवर केवळ 'बेबी ऑफ' आणि आईचे नाव असे, आणि एकाच नावाच्या दोन आया तिथे होत्या.