थंडीतली डागडुजी आणि आधीच्यांनी केलेल्या दुरुस्त्या

गुरुवार, रात्र

मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून काकूने सकाळीच बजावलं की पूजा होईपर्यंत माजघरात कुणी धूळ उडवायची नाही, त्यामुळे गवंडी मिस्त्री आणि त्यांचा पोरगा दुपारपर्यंत बाहेरच्या अंगाने भिंत खरवडत बसले आणि मी पडवीत लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये, म्यूटवर, कारण छिन्नीचा आवाज काही थांबत नव्हता. ऑफिसवाल्यांना आता सवय झालीय. कुणी विचारतसुद्धा नाही.

डिसेंबरात कसली घराची कामं काढलीस, असं मात्र सगळेच विचारतात. राजापूरकडे काय किंवा अख्ख्या कोकणात काय, घराची कामं मे महिन्यात. कारण मुंबईकर मे महिन्यात येतात, दुसरं कारण नाही. पण मे महिन्यात सुतार मिळत नाही आणि मिळाला तरी आपल्याकडे दोन वासे उतरवून ठेवून दुसऱ्याच्या घरी पळतो, कारण पंचक्रोशीतल्या सगळ्यांना पावसाच्या आत शाकारणी करून हवी असते, त्यात आंबा, त्यात लग्नं. आणि मुख्य म्हणजे मेपर्यंत भिंती वाळून ठणठणीत होतात, मग पाणी कुठून आलं होतं ते कुणालाच आठवत नाही, नुसते अंदाज. आत्ता भातकापणी-झोडणी आटपलीय, माणसं मोकळी आहेत, आणि इकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्याच्या खुणा अजून भिंतीवर तशाच आहेत. कुठून सुरू झालं, कुठपर्यंत चढलं, सगळं दिसतं. थंडी म्हणाल तर पुणेकरांनी हसावं इतपतच, पण पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटतो तो चांगला कोरडा असतो, भिंत वाळवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

तर भिंत. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, पणजोबांनी बांधलेलं, शंभरीला आलेलं. मूळ बांधकाम चुन्याचं, गिलावा पण चुन्याचा. ऐंशीच्या दशकात घरात पैसा आला तेव्हा मोठ्या हौसेने बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं, खालपासून पार खिडकीच्या वरपर्यंत. तेव्हा सगळे तेच करत होते, सिमेंट म्हणजे पक्कं. आता चिरा हा सच्छिद्र दगड, जमिनीतलं पाणी ओढून घेतो आणि उघडा असला किंवा वर चुना असला तर तोंडावाटे सोडूनही देतो. सिमेंटने ते तोंडच बंद केलं. पाणी जाणार कुठे, ते वर चढलं, आणि सिमेंट जिथे संपतं तिथे आणि घराच्या आतल्या बाजूने बाहेर पडायला लागलं. म्हणून गेली कित्येक वर्षं माजघराच्या भिंतीला लोणा, म्हणजे मिठासारखा क्षार, लागतोय, रंग फुगतोय, आणि दर गणपतीला आम्ही त्याच्यावर नवीन रंग मारतोय! वॉटरप्रूफ रंग. म्हणजे आतून पण बंद.

आज मिस्त्रींनी पहिला मोठा पापुद्रा काढला, ताटाएवढा तुकडा अख्खा सुटून आला. पाठीमागे पांढरी बुरशी, आणि चिरा एकदम गडद, ओल्या गुळाच्या ढेपेसारखा. बोट दाबलं तर बोटाला लाल माती लागली. पाऊस जाऊन इतके दिवस झालेत आणि भिंत आतून अजून ओली! दोन हात वर, जिथे प्लास्टर आधीच पडून गेलं होतं, तिथला चिरा मात्र खडखडीत, नख सुद्धा रुतेना. भिंत एकच, दगड एकाच खाणीतला. मिस्त्री म्हणाले, "ताई, दगडाचा दोष नाही हो, त्याला रेनकोट घालून उभा केलाय."

आता कमरेच्या वरपर्यंत सगळं सिमेंट काढायचं आणि फेब्रुवारीपर्यंत भिंत उघडी ठेवायची. काकूला हे अजिबात पटलेलं नाही. येणारा-जाणारा काय म्हणेल, घर सोलून ठेवलंय. तिचंही बरोबर आहे, दिसतं तसंच. चुना भिजत घातलाय, मागच्या पडवीत पिंपात, जितका मुरेल तितका बरा. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत घेत सावकाश घट्ट होतो, त्याला रोज थोडं पाणी दाखवावं लागतं, मे महिन्याच्या उन्हात केला तर भसकन वाळून तडे जातात. आधी हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. आजोबांना माहीत असणारच. मधल्या पिढीला ते जुनाट वाटलं, बस.

शनिवार

छप्पर. सुतारकाका वेळेवर आले हीच आजची मोठी बातमी.

ओटीवरची थोडी कौलं उतरवली. मंगलोरी कौलं, पाठीवर कारखान्याचे छाप, काही पुसलेले काही ठळक. मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी 1865 साली पहिला कारखाना काढला आणि मग तिकडून गलबतं भरभरून कौलं किनाऱ्याने वर यायला लागली, त्याच्या आधी सगळीकडे नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, नाहीतर गवत. एकेक कौल 2.5-3 किलोचं, ते शिडीवरून हातोहात खाली घ्यायचं म्हणजे संध्याकाळी खांदे बोलायला लागतात. जुनं कौल ठोकलं की खणकन वाजतं. बदबद वाजलं की बाजूला.

फुटली आहेत ती मात्र जुनी झाली म्हणून नाही, माकडांनी फोडली म्हणून. ह्यावर मी लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही. फणसावरून आढ्यावर आणि आढ्यावरून न्हाणीघरावर असा त्यांचा रोजचा रस्ता आहे आणि दर उडीला एक कौल. फॅमिली ग्रुपवर दादरच्या चुलतभावाने लगेच पत्र्याचा फोटो टाकला, कौलाच्या रंगाचा मिळतो म्हणे, आता कळत पण नाही. मार्चमध्ये त्या पत्र्याखाली दुपारी झोपून दाखव म्हणावं. पण खरं सांगायचं तर गावात जे म्हातारे-म्हाताऱ्या एकटे राहतात ते पत्रा घालतात त्यांना मी नावं ठेवणार नाही, दर आठवड्याला शिडी लावून कौल बदलायला त्यांच्याकडे आहे कोण? आम्ही माकडांच्या वाटेवर तेवढी जाळी मारतोय, बघू.

गळतीचं खरं मूळ मात्र माकडं नाहीत, पडवी. पडवी पूर्वी अरुंद होती, मग कधीतरी कुणाच्या तरी लग्नाच्या वेळी रुंद केली. भिंतीकडची उंची तीच आणि बाहेरची उंची कमी करायची तर डोकं आपटेल, म्हणून उतारच कमी केला. कौलाला निदान 25-30 अंशांचा उतार लागतो, त्याच्या खाली गेलं की पाणी पळत नाही, रेंगाळतं, आणि वारा सुटला की कौलाच्या जोडातून उलटं आत शिरतं. तिथे मग कौलांखाली प्लास्टिक घातलं. प्लास्टिकमुळे वासे वाळले नाहीत. वासे वाळले नाहीत म्हणून कुजायला लागले तर त्यांना ऑईलपेंट दिला, चॉकलेटी, चकचकीत. आणि त्या पेंटच्या आड वाळवीने आरामात संसार थाटला.

सुतारकाका पटाशीच्या मुठीने एकेक वासा वाजवत गेले, ठक ठक ठक, मग एकदम पोकळ. तिथे पटाशी नुसती टेकवली तर आत गेली. वरून रंग शाबूत, आत माती. मी बघतच राहिले. त्याच्याच शेजारचा, किंजळीच्या लाकडाचा, ज्याला रंग द्यायचा राहून गेला होता तो, ठणठणीत. "हा तुमच्या नातवंडांची लग्नं बघेल," म्हणाले. म्हणजे इथेही तेच, घर बिघडलं नव्हतं, दुरुस्त्यांनी बिघडवलं. ह्या थंडीत आम्ही नवीन असं काही करतच नाही आहोत, आधी जे जे सुधारलं ते काढत सुटलोय, आणि त्यालाच सगळे पैसे चाललेत.

आख्खे वासे बदलायचे नाहीत असं ठरलंय. पागोळीकडची कुजलेली टोकं कापून तिथे नवीन लाकडाचा तुकडा तिरका सांधा करून जोडायचा, बोल्ट मारून. पडवी परत अरुंद. लग्नं आता हॉलवर होतात.

सोमवार

नवीन रीपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, काजूच्या टरफलाचं तेल लावलं. काळंकुट्ट, चिकट, नाकात बसणारा वास, पण वाळवी त्याच्या जवळ फिरकत नाही. कातडीला लागलं तर फोड येतात, काजूच्या फॅक्टरीतल्या बायकांचे हात बघितलेत ना कधी, तसे. काकूने आधी हातांना खोबरेल चोपडायला लावलं, वर ग्लोव्ह्ज, वर बाबांचा जुना फुल शर्ट, आणि लांब दांड्याचा ब्रश. एवढं करून कानाच्या पाळीला कुठूनतरी लागलंच, चुरचुरतंय अजून.

दुपारी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. हे माझं सगळ्यात आवडतं काम. अर्धं खळं मातीचं आहे आणि अर्धं, घराच्या बाजूचं, सिमेंटच्या कोब्याचं, आणि कोबा करणाऱ्याने उतार दिलाय घराकडे. घराकडे!! पागोळीचं पाणी पडायचं, वाहत यायचं आणि जोत्याला लागून उभं राहायचं, चार महिने. तो कोबा जोत्यापासून हातभर फोडून काढला आणि तिथे चर खणून मोठी खडी भरली, वरच्या अंगाला मोरीच्या गटाराला जोडला नाही, मुद्दाम, खालच्या परड्याकडे पाणी सोडलंय. भिंतीच्या ओलीचं निम्मं औषध तर हेच असावं असं मला वाटतं.

राहिलेलं मातीचं खळं उकरून, पाणी मारून, वाडीतल्या दोघी आल्या होत्या त्यांच्याबरोबर चोपणं, म्हणजे माती ठोकायची लाकडी थापी, घेऊन चोपलं. आधी माती चोपण्याला चिकटून वर येते, मग हळूहळू बसत जाते, आवाज बदलतो, आणि मग कडेपासून उलटं चालत शेणाने सारवत यायचं. मला अजून हाताचा गोल नीट येत नाही. त्या दोघी हसत होत्या. हसू देत.

लाईटचं काम राहिलंय. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या वायरी, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि त्याच बोर्डावर फ्रीज, गिझर आणि पंप. वायरमन येऊन बघून डोक्याला हात लावून गेला. सगळी वायरिंग एकदम नाही परवडणार, पण 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच, आणि अर्थिंग आत्ता करायचंच असं मी ठरवलंय, बाकीचं पुढच्या वर्षी. अर्थिंगचा खड्डा न्हाणीघराच्या मागे घेतोय, मीठ-कोळसा घालून, कारण इकडे मातीखाली लगेच कातळ, आणि उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की अर्थिंग नावालाच उरतं. आंघोळीचं पाणी जिथे जातं तिथे तेवढी ओल बारा महिने असते. ओल एकदाची कुठेतरी उपयोगाला आली म्हणायची.

वायरमन अमावस्या झाल्यावर येणार. हिशोब ग्रुपवर टाकलाय, घर सामाईक तर खर्चही सामाईक. सगळ्यांनी बघितलाय, अंगठे पण आलेत भरपूर. पैसे अजून फक्त ठाण्याच्या आत्याचे आलेत, आणि तिचं नाव तर आठ-अ च्या उताऱ्यावर, म्हणजे मालकीच्या कागदावर, पण नाही.