शेवटचं पान आधी

मी पुण्यात जपानी शिकवते, वीकेंडच्या बॅचेस. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जुलैच्या पहिल्या रविवारी होऊन गेलेली आणि हा त्याच्या पुढचाच शनिवार, म्हणजे व्याकरण नाव काढलं तरी पोरं तोंड वाकडं करणार, त्यात पाऊस असा की बारा जणांतले तीनच आले. चाकणला ऑटो कंपनीत असलेला एक इंजिनियर, एक अ‍ॅनिमेवेडी, म्हणजे जपानी कार्टूनवेडी, कॉलेजची मुलगी आणि आमचे काका. काका बँकेतून रिटायर झालेत, मुलगा-सून योकोहामाला, नातू फोनवर जपानी बोलतो म्हणून हे या वयात शिकायला येतात.

म्हणलं आज मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचू. 'मॅजिक नाईट रेअर्थ'च्या पहिल्या भागाचे तिन्ही खंड पिशवीत होतेच. क्लॅम्प या चौघी बायकांच्या ग्रुपचं काम, 1993 च्या शेवटी 'नाकायोशी' मासिकात सुरू झालेलं. मासिक शाळकरी मुलींचं, त्यामुळे कांजीच्या, म्हणजे अवघड चिनी अक्षरांच्या, बाजूला बारीक हिरागाना या सोप्या लिपीत उच्चार छापलेला असतो, एन-फोर म्हणजे परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीवाल्यांना याहून सोयीचं काही नाही. आणि गोष्ट एकदम सोप्पी आहे असं मी दरवेळी सांगून टाकते. तीन वेगवेगळ्या शाळांतल्या चौदा वर्षांच्या मुली टोकियो टॉवरवर सहलीला आलेल्या, लख्ख उजेड पडतो आणि तिघी थेट सेफिरो नावाच्या जगात. तिथली राजकन्या एमरॉद कैदेत, कैद करणारा झागातो नावाचा पुरोहित, आता या तिघींनी मॅजिक नाईट व्हायचं.

वाटायला गेले तर काकांनी तिसरा खंड उचलला आणि आपल्या पुस्तकासारखा डावीकडून उघडला. जपानी पुस्तक उर्दूसारखं उलट्या बाजूने सुरू होतं हे त्यांना शंभरदा सांगितलंय, पण हाताची सवय ती. म्हणजे उघडलं ते थेट शेवटावर. मी "काका नको" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

"अहो सेन्सेई," म्हणजे बाई, "ह्या पोरी जिंकल्या ना? मग रडतायत का?"

ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे. मी ही मांगा कॉलेजात असताना वाचली तेव्हा या शेवटाने मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. झागातोला मारल्यावर कळतं की राजकन्येचंच त्याच्यावर प्रेम आहे. ती सेफिरोचा खांब, तिने फक्त जगासाठी प्रार्थना करायची, मनात दुसरं कुणी आलं की जग ढासळायला लागतं. खांबाला सेफिरोतलं कुणीच मारू शकत नाही, म्हणून तिने दुसऱ्या जगातून मुली बोलावल्या. स्वतःला मारून घ्यायला. इतका वेळ लहान मुलीसारखी काढलेली एमरॉद त्या प्रसंगात बघता बघता मोठी बाई होते, कारण तिचं वय तिच्या मनानेच अडवून ठेवलेलं असतं.

कॉलेजवाली माझ्यावर भडकली की स्पॉयलर दिला. काका शांत, म्हणाले आता पहिल्यापासून वाचू.

मग त्या दिवशी जे झालं ते माझ्या कुठल्याच क्लासमध्ये झालं नव्हतं. आपल्याला माहितीये शेवट काय आहे आणि आपण पहिला खंड वाचतोय. मला आजवर वाटायचं या मांगाचा वेग जरा जास्तच आहे. क्लेफ नावाचा गुरू येतो, दिसायला पोरगा पण वय 745, तो घाईघाईत माहिती देतो, जादू देतो आणि दगड होऊन जातो. लगेच जंगल, लगेच शस्त्रं बनवणारी प्रेसिया, लगेच पुढची कामगिरी. त्यातली फू नावाची हुशार मुलगी हे सगळं व्हिडिओ गेमशी जुळवून समजावते, आणि आपणही गेमसारखंच वाचत सुटतो. एक लेव्हल झाली की पुढची. तर हा वेग मुद्दाम आहे हो! कुणी थांबून विचारूच नये की बोलावलं कुणी आणि कशाला. काका मात्र दर चार पानांना थांबत होते. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "ही म्हणतेय आमचं जग वाचवा. मला वाचवा असं कुठे म्हणतेय?" मी इतकी वर्षं शिकवतेय आणि हे वाक्य मी फक्त विनंतीचा फॉर्म दाखवायला वापरत आले!

चित्रंही तेच करतात. गमतीच्या जागी मुली एकदम बुटक्या, गोल तोंडाच्या होतात, आणि पान उलटलं की पानभर केस, झगे, पिसं, चौकटी फोडून बाहेर गेलेले. मागे बॅकग्राऊंड कित्येकदा नाहीच, नुसता स्क्रीनटोन, म्हणजे ठिपक्या-नक्षीचा छापील पोत. पोरींची मांगा आणि त्यात प्रचंड चिलखती यंत्रदेव, हे मला अजूनही भारी वाटतं. इतकं सजवलेलं असतं की डोळा दिपतो आणि फुग्यातले शब्द आपण पळत वाचतो.

इंजिनियर मधेच हसायला लागला. कताकानातली, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीतली, नावं तो मोठ्याने वाचत होता, सेफिरो, प्रेसिया, काल्दिना, आस्कॉट. "सेन्सेई, ह्या सगळ्या गाड्या आहेत!" खरंच आहेत. सेफिरो आणि प्रेसिया निसानच्या, काल्दिना टोयोटाची, आस्कॉट होंडाची, एमरॉद मित्सुबिशीची, झागातो तर इटलीतलं गाड्यांच्या बॉड्या डिझाईन करणारं घराणं. पुढची दहा मिनिटं वाया, नुसत्या गाड्या.

काकांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, "घरातल्यांना जे करवत नाही ते बाहेरच्या लेकरांकडून करून घेतलंन, आणि वर काय, दिली परत पाठवून." मग म्हणाले, "पण तिने तरी कुणाला सांगायचं होतं?" कॉलेजवालीचे डोळे भरलेले, अर्ध्या तासापूर्वी भांडत होती.

क्लास दीड तास लांबला. तिसरा खंड काका घरी घेऊन गेले तो अजून परत आलेला नाही. विचारलं तर म्हणे काकूंना वाचून दाखवतोय, शेवटापासून.