एकाच तासात ४५ आणि १२

जूनचा पहिला आठवडा. कच्छमधल्या आमच्या मिठाच्या कारखान्यात पावसाआधी मिठागरातला माल उचलायची घाई चालली होती. प्रयोगशाळेत आयोडीनच्या टायट्रेशनमध्ये (द्रावण थेंबाथेंबानं घालून प्रमाण मोजायची चाचणी) एका नमुन्याला ०.००५ नॉर्मल थायोसल्फेट ४.३ मिली लागलं, वीस मिनिटांनी घेतलेल्या दुसऱ्याला फक्त १.१. नमुना १० ग्रॅमचा असला की या आकड्याला १०.५८ ने गुणायचं, पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) मिळतात. म्हणजे ४५ आणि १२. दुकानातल्या मिठात किमान १५ तरी हवेतच. पोती भरणं तिथंच थांबवलं.

पहिला संशय फवाऱ्यावर. पट्ट्यावरून तासाला ५ टन मीठ जातं आणि त्यावर पोटॅशियम आयोडेटचं (मिठात आयोडीन यावं म्हणून घालायचा क्षार) अडीच टक्के द्रावण तासाला १० लिटर पडतं, दोन नोझलांतून निम्मं निम्मं. टनाला ५० ग्रॅम आयोडेट, म्हणजे साधारण ३० पीपीएम आयोडीन. एका नोझलच्या तोंडाशी खपली धरली होती. ती काढली, दोन्ही धारा मोजपात्रात मोजल्या, बरोबर आल्या. तरी आकडे २० ते ३८ मध्ये हलतच राहिले.

मग पट्ट्यावरचं मीठ मुठीत दाबून पाहिलं. चांगलं मीठ मूठ उघडताच सुटतं, याचा लाडू वळला. मिसळणीच्या स्क्रूमधून बाहेर आलेला एक गोळा मधोमध फोडला आणि त्यावर स्टार्चच्या चाचणी-द्रावणाचे थेंब टाकले. कडेला गडद जांभळी रेघ, आत पांढरं ते पांढरंच. आयोडेट गोळ्याच्या सालीपुरतंच पोचत होतं.

ओल येत होती मॅग्नेशियममुळे. वाफ्यात २५ अंश बोमेच्या (खाऱ्या पाण्याच्या घनतेचं माप) आसपास मीठ धरतं. पाणी २९ च्या पुढे गेलं की काढून टाकावं लागतं, नाहीतर मिठाला मॅग्नेशियम क्लोराइड चिकटून येतं आणि ते हवेतली ओल ओढतं. शेवटच्या घाईत काही वाफ्यांचं पाणी काढायचं राहिलं होतं. तरीही धुण्यात ते निघायला हवं होतं. गोड्या पाण्यात मीठच विरघळेल, म्हणून संपृक्त खाऱ्या पाण्यानं धुतात, आणि आमच्याकडे तेच पाणी चार दिवस फिरत होतं. बोमेचा काटा २५ दाखवायचा, म्हणून सगळे निर्धास्त. पण काटा घनता सांगतो, ती मिठाची की मॅग्नेशियमची हे त्याला कळत नाही. मॅग्नेशियम मोजणारं ईडीटीए टायट्रेशन केल्यावर त्या पाण्यात मॅग्नेशियम साचल्याचं उघड झालं.

धुण्याचं पाणी पूर्ण बदललं, कच्चा माल ढिगात निथळू दिला, अडवलेली पोती फोडून सगळं मीठ पुन्हा धुण्यापासून काढलं. रात्रीचे तीन नमुने: २.८, २.७, २.९ मिली, म्हणजे तिन्ही ३० पीपीएमच्या आसपास.