पार्सर रांगत होता, चूक माझीच

लॉग फाइल वाचायला पायथनमध्ये एक छोटा पार्सर (मजकूर तोडून त्यातली माहिती वेगळी काढणारा प्रोग्रॅम) लिहिलेला, लहान फाइलवर मस्त पळायचा पण मोठी दिली की चहा पिऊन आलो तरी चालूच. मला वाटलं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) स्लो असणार, प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं टूल) लावला तर चोर भलताच निघाला राव! टोकन (मजकुराचे सुटे तुकडे) लिस्टमध्ये ठेवून पुढून एकेक पॉप करत, म्हणजे काढून घेत होतो, आणि लिस्टमधला पहिला काढला की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात, म्हणजे १ लाख टोकन असतील तर दर वेळी उरलेल्या सगळ्यांची सरकासरकी. डेक (deque, दोन्ही टोकांनी पटकन काढता-घालता येणारी रांग) वापरला (स्पेलिंग बघून मी कित्येक वर्षं डेक्यू म्हणायचो), काम फटक्यात. काही न काढता नुसता इंडेक्स (कितव्या टोकनवर आहोत तो आकडा) वाढवत नेला असता तरी भागलं असतं म्हणा. कीवर्डची लिस्ट पण सेटमध्ये (त्यात एखादा शब्द आहे का ते पटकन कळतं) टाकली, पण शब्दच जेमतेम १०-१२, काही फरक पडला नाही.