हातमोज्यातला कावळा

अमृतमहोत्सवाच्या निमंत्रणाचं पाकीट हातात पडलं तेव्हा मी त्यावरचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. नावाखाली ‘माजी विद्यार्थी’ असं लिहिलं होतं. हे दोन शब्द आपल्या शाळेने माझ्यासाठी लिहिले, हे वाचून मी काही वेळ तसाच बसून राहिलो. कारण शाळेच्या कुठल्याही हजेरीपटावर माझं नाव नाही. दाखला नाही, प्रगतिपुस्तक नाही. मी आपल्या शाळेत तीन हिवाळे बसलो, आणि ते फक्त गुरुजींमुळे.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचे आणि आमची टायरगाडी निफाडच्या वाटेला लागायची. गाडीत भांडी, ज्वारीचं पोतं, एक शेळी, मी आणि माझी धाकटी बहीण. साखर कारखान्याच्या बाजूला माळावर कोप्या पडायच्या. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर चटया आणि उसाचं वाळलेलं पाचट टाकून केलेली त्रिकोणी खोपटी, वाकून आत शिरायचं. आईबाप पहाटे तीनला फडात जायचे. मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कारखान्याच्या रांगेत लावायची, परत यायला रात्र व्हायची. दिवसभर बहीण माझ्या कडेवर. मी आठ वर्षांचा होतो. हा 1977 चा हिवाळा.

शाळासोबत्यांनो, निफाडची थंडी आपल्याला मी काय सांगणार! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा किमान तापमानाचा आकडा आजही दर हिवाळ्यात पेपरात पहिल्या पानावर येतो. पण आपण ती थंडी घरातून पाहिलीत, मी कोपीतून पाहिली. पहाटे पाचटावर दव गोठून पांढरं व्हायचं आणि हात लावला की कुरकुरायचं.

शाळेकडे मी आलो तो शेकोटी पाहून. पौषात परिपाठाच्या आधी प्रत्येक मुलाने घरून एकेक लाकूड आणायचं आणि लिंबाच्या झाडाखाली शेकोटी पेटवायची, हा गुरुजींचा रिवाज आपल्याला माहीतच आहे. गुरुजी त्यांची काळी घोंगडी पांघरून मध्ये बसायचे आणि एक गोष्ट सांगायचे. मी बहिणीला घेऊन व्हरांड्याच्या खांबाआड उभा राहायचो. ऊब तिथवर पोचत नव्हती, पण गोष्ट पोचायची.

त्या आठवड्यात त्यांनी पहिलीच्या मुलांसाठी चिऊकाऊची गोष्ट सांगितली होती. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. तो चिऊच्या दारात येतो आणि चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. सगळी मुलं तालावर ‘थांब थांब’ म्हणत होती. मला ती गोष्ट सोसवली नाही. आमचं घरही पाचटाचंच होतं आणि मीही खांबाआड उभाच होतो.

मग तो शनिवार आला, सकाळच्या शाळेचा. गुरुजींनी पिशवीतून एक मोठं पातळ पुस्तक काढलं. ते दरवर्षी नाशिकला जाऊन रशियन पुस्तकांच्या विक्रीतून दोन-चार पुस्तकं आणायचे. मॉस्कोत छापलेली ती गुळगुळीत कागदाची पुस्तकं तेव्हा फार स्वस्तात मिळायची आणि चित्रं अशी की बोट लावायची भीती वाटावी. हे पुस्तक इंग्रजीत होतं. गुरुजी चित्र दाखवायचे आणि गोष्ट आपल्या बोलीत सांगायचे.

एक म्हातारा बर्फातून चालला होता. त्याचा एक हातमोजा वाटेत पडला. हातमोजा म्हणजे काय, हेच आपल्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. गुरुजींनी अंगावरची घोंगडी काढली, दोन कोपरे धरून तिची खोळ केली आणि म्हणाले, “हा बघा हातमोजा. बाहेर बर्फ पडतंय. आणि ही आली उंदीरमामी.” त्यांनी पहिलीतल्या एका मुलीला उचलून आत बसवलं. मग टुणटुण उड्या मारत बेडूक आला. त्याने विचारलं, “कोण, कोण राहतं हातमोज्यात?” आतून आवाज आला, “मी उंदीरमामी. तू कोण?” “मी बेडूक. मला आत घेता का?” “ये की!” मग ससा, मग कोल्हीण, मग लांडगा, मग रानडुक्कर. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी आतल्यांची थोडी कुरकुर, थोडं सरकणं आणि “ये की!”. शेवटी अस्वल. चौथीतली एक थोराड मुलगी अस्वल झाली, ती शिरली तेव्हा घोंगडीच्या शिवणीने कर्र आवाज केला आणि सगळी शेकोटी हसली.

एवढ्यात गुरुजींनी खांबाकडे पाहिलं. त्यांनी मला आधीच पाहिलं असणार, कित्येक दिवस. पण ‘कोण रे तू, कुठला’ असं त्यांनी विचारलं नाही. ते गोष्टीच्याच आवाजात म्हणाले, “कोण, कोण उभं आहे खांबाआड?”

मला पळून जायचं होतं. पण बहीण कडेवर झोपली होती आणि पाय गारठले होते. तोंडातून निघालं ते एवढंच, “कावळा.”

गुरुजी क्षणभर थांबले. शेकोटीत एक काटकी फुटली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. कुणीही हसलं नाही. आणि घोंगडीतून अस्वलाने ओरडून सांगितलं, “गुरुजी, हितं जागा हाये!”

“मग या कावळेदादा,” गुरुजी म्हणाले, “आणि पिल्लालाही घेऊन या.”

मी आत शिरलो. घोंगडीला मेंढीचा वास होता, धुराचा वास होता आणि खाली कुठेतरी चिंचोक्याच्या खळीचा. लोकर मानेला टोचत होती. डाव्या बाजूला लांडगा, उजव्या बाजूला ससा, आणि सगळ्यांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर. एवढी ऊब मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मिळाली. गुरुजींनी गोष्ट तिथेच संपवली. “आठ जण हातमोज्यात बसले, आणि बाहेर बर्फ पडतच राहिला.”

सोमवारपासून मी वर्गात बसलो. नाव कुठे लिहायचं, कुणाच्या परवानगीने, वयाचा दाखला कुठे आहे, हे प्रश्न गुरुजींना विचारले गेले असतील. त्यांची उत्तरं त्यांनी कुणाला काय दिली ते मला माहीत नाही. आज कायद्याने कुठल्याही मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावंच लागतं. तो कायदा 2009 चा. आपल्या लिंबाखाली तो 1977 लाच लागू होता. बहीण माझ्याजवळ पाटीवर रेघोट्या मारत बसायची आणि रडली तर गुरुजी तिला खांद्यावर घेऊन पाढे म्हणवून घ्यायचे. आपल्यापैकी काहींना ते आठवत असेल.

त्या तीन हिवाळ्यांत गुरुजींनी थंडीच्या किती गोष्टी सांगितल्या! सावत्र आईने रानात सोडलेली मुलगी, आणि फांदीफांदीवरून कडाडत येणारे हिमआजोबा. ते पुन्हा पुन्हा विचारतात, “ऊब आहे ना गं, बाळ?” आणि गारठून गेलेली ती पोर दर वेळी गोड शब्दांत म्हणते, “आहे, आजोबा.” तेव्हा ते विरघळतात आणि तिला आपला लोकरी कोट देतात. एका रात्री कोपीत आईने विचारलं, “गार लागतंय का रं?” मी म्हणालो, “न्हाई, ऊब हाये.” आईने माझे पाय चाचपून पाहिले, आपल्या पोटाशी घेतले आणि तशीच झोपली. तिला पहाटे तीनला उठायचं होतं.

आणि बारा महिन्यांची गोष्ट. भर हिवाळ्यात घरातून हाकललेली मुलगी डोंगरावर चढते, तर माथ्यावर बारा महिने शेकोटीभोवती बसलेले. तिची विनवणी ऐकून थोरला महिना आपली काठी धाकट्याच्या हातात देतो आणि तेवढ्यापुरता बर्फ वितळतो, फुलं येतात, फळं पिकतात. मूळ स्लोवाक लोककथा आहे, हे मला फार उशिरा कळलं. गुरुजींच्या गोष्टीत पौषाने काठी ज्येष्ठाकडे दिली आणि मुलीने ओटीभर जांभळं नेली. आम्ही बारा जण वर्तुळात बसून शेकोटीतली विझलेली काठी हातोहात फिरवायचो. माझ्याकडे पौष असायचा. “तू थंडीचा पाहुणा, पौष तुझाच,” असं गुरुजी म्हणायचे.

मार्च सरत आला की कोप्या मोडायच्या. पाचट पेटवून द्यायचं, चटया गुंडाळायच्या, गाडी जुंपायची. तिसऱ्या वर्षी जाताना गुरुजी स्वतः माळावर आले. वडिलांशी बराच वेळ बोलले, बैलांच्या आडोशाला उभं राहून. मी ऐकलं ते इतकंच की पुढच्या साली पोराला गावी आजीपाशी ठेवा, तिथल्या मास्तरांना मी चिठ्ठी देतो. वडिलांनी चिठ्ठी टोपीत खोचली. त्या चिठ्ठीने माझं पुढचं सगळं घडवलं. गावी शाळा पूर्ण झाली, तालुक्याच्या वसतिगृहात राहून दहावी-बारावी, मग कृषी महाविद्यालय. गेली तीस वर्षं मी शेतीच्या हवामानाचं काम करतो. आता वरिष्ठ पदावर आहे, पण नोकरीच्या सुरुवातीला रोज सकाळी साडेआठला पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडून किमान तापमान नोंदवण्याचं काम मी केलं. त्या तापमापकात पारा नसतो, अल्कोहोल असतं. त्यातली बारीक दांडी रात्रीच्या सगळ्यात थंड क्षणाशी थांबून राहते. ती वाचताना मला दर वेळी वाटायचं की या आकड्याच्या बाहेर आत्ता कुणीतरी झोपलेलं आहे. द्राक्षबागाईतदारांना आम्ही सल्ला देतो, थंडी वाढणार आहे, मण्यांना तडे जातील, पहाटे बागेत शेकोट्या करा, ठिबक चालवा. सल्ल्यात ‘शेकोटी’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो.

गुरुजींना मी मोठेपणी फक्त एकदा भेटलो, नोकरी लागल्यावर पेढे घेऊन. ते थकले होते. त्यांनी मला ओळखलं आणि बहिणीची चौकशी केली. ती तेव्हा दोन मुलांची आई झाली होती, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं. निघताना म्हणालो, परत येतो, निवांत बसू. आलो नाही. ते गेल्याचंही मला वर्षभराने समजलं. याची टोचणी जात नाही.

आणि त्यांना एक विचारायचं होतं, ते राहून गेलं.

2022 च्या हिवाळ्यात युक्रेनमधल्या बातम्या येत होत्या. वीज गेलेली शहरं, एका खोलीत गोळा झालेली कुटुंबं. त्या दिवसांत कुठेतरी वाचलं की ती हातमोज्याची गोष्ट युक्रेनची लोककथा आहे. मी शोधून ते पुस्तक मिळवलं, येवगेनी राचोव्ह यांच्या चित्रांचं. पहिलं पान उघडलं आणि लिंबाखालचा धूर नाकात आला. तीच बर्फातली वाट. हातमोज्याला तीच शिडी, तीच खिडकी. उंदीर, बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर, अस्वल. मी पान उलटून पुढे शोधलं. कावळा नव्हता. सात जणांचीच गोष्ट होती.

शेवट मात्र पुढे होता, तो मी कधी ऐकलाच नव्हता. म्हाताऱ्याला हातमोजा हरवल्याचं कळतं, तो परत फिरतो. त्याचा कुत्रा पुढे धावत येतो आणि हातमोज्यावर भुंकतो. सगळे जण घाबरून बाहेर पडतात आणि रानात पांगतात. म्हातारा हातमोजा उचलून चालू लागतो. गोष्ट संपते. गुरुजींनी ते पान आम्हाला कधीही उघडून दाखवलं नाही, तीनही हिवाळ्यांत नाही. दर मार्चमध्ये कोपी मोडताना पाहणाऱ्या पोराला ते पान कसं ऐकवायचं, एवढा विचार त्या माणसाने केला असेल का, हेच मला विचारायचं होतं.

शाळेचा बदल मी गेल्या वर्षी रस्त्यावरूनच पाहिला. स्लॅबची इमारत छान झाली आहे, संगणकाची खोली आहे. लिंब गेला, मैदानात फरशी आली. पलीकडे नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा 2020 साली जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिल्यांदाच, आणि उत्तरेच्या बर्फातून येणारी बदकं बघायला आता लांबलांबून माणसं येतात याचा फार आनंद आहे. गुरुजी आम्हाला ते थवे दाखवून म्हणायचे, “हे बघा, आपल्या गोष्टीतल्या गावाहून आले.” पण कारखान्यांच्या माळावर कोप्या अजून पडतात, आणि त्यातल्या पोरांसाठी थंडीत शेकोटी कुणी करतं का, ते मला कळलं नाही. समितीने परवानगी दिली तर कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी येईन. पाचट आणि लाकडं मी आणतो. एक घोंगडीही घेतली आहे, घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडून, मोठी.

निमंत्रण मिळाल्यावर मी आभाराचा फोन केला. माझा पत्ता शोधून काढणारी समितीतली बाई म्हणजे तेच अस्वल निघालं. आवाज तसाच, दणदणीत. तिने सांगितलं की गुरुजी निवृत्त होईपर्यंत दर पौषात ती गोष्ट सांगत राहिले, आणि आता तिची नात तीच गोष्ट घरभर सांगत फिरते, घोंगडीच्या जागी दुलई घेऊन.

मी विचारलं, “किती प्राणी असतात गं तिच्या गोष्टीत?”

“आठ,” ती म्हणाली. “शेवटी कावळा येतो, पिल्लू घेऊन.”

“आणि कुत्रा?”

“कुत्रा?” तिला काही कळेना. “कुत्रा कुठला रे? आपल्या गोष्टीत कुत्रा कुठंय?”