यंदा माटोळी बांधली

लेक लिस्बनला, भाऊ लंडनला. गेल्या चवथीला फोंड्याच्या घरात मी एकटीच, म्हणून माटोळीची, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर फळं-पानं बांधायची, लाकडी चौकट माळ्यावरून उतरलीच नाही. गणपतीच्या वर नुसता नारळ टांगला. ते वर्षभर मनाला लागून राहिलं होतं.

आज माटोळीच्या बाजारातून पिशव्या घेऊन आले, तर वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे सावंतवाडीकडचे दोघे मुलगे दारातच उभे. "काकी, चौकट खंय आसा?" एकाने शिडी धरली, दुसरा चढला. शेजारची वहिनी परसातली सुपारीची शिपटी म्हणजे घोस आणि चिबूड घेऊन आली. कवंडळं ही लालभडक रानफळं केवणीच्या सालीच्या दोराने कशी बांधायची, ते मी खालून सांगत होते. लेकाला ही गाठ माझ्या सासऱ्यांनी शिकवली होती, त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून.

तेवढ्यात त्याचाच व्हिडिओ कॉल. तिथलं घड्याळ साडेचार तास मागे, नुकताच आंघोळ करून बसला होता. "आई, दोर घट्ट आहे ना?"

शिडीवरून उत्तर गेलं, "दादा, मी ओढून बघितलंय."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही.

आता नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, चून (सारण) परतायला घेतलंय. उद्यासाठी केळीची पाच पानं कापून ठेवली आहेत.